देवगड ते वेंगुर्ला कयाकने: चार दिवसांचा कार्यक्रम स्वीकारावा का?

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. वय चव्वेचाळीस, सह्याद्रीत ट्रेकची सवय, तरणतलावात अर्धा तास सलग पोहतात, पण समुद्रात कयाक, म्हणजे दुपाती वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, कधी वल्हवलेली नाही. एका आयोजकाचं पत्रक त्यांच्या हाती आलंय: देवगड ते वेंगुर्ला, चार दिवस, तीन रात्री किनाऱ्यावर तंबूत, रोज साधारण १८ किलोमीटर, सोबत मार्गदर्शक. सोळा वर्षांच्या मुलीलाही न्यायचा विचार आहे. ते विचारतात, आम्हाला हे झेपेल का, ठाण्यात राहून तयारी कशी करायची आणि मार्गदर्शक चांगला आहे हे आधी कसं ओळखायचं?

झेपेल. तुम्हालाही आणि मुलीलाही. पण पत्रकात लिहिलेल्या चार दिवसांत नको. याच अंतराला पाच दिवस मागा आणि परतीचं तिकीट सहाव्या रात्रीचं काढा. आयोजक तयार नसेल तर दुसरा शोधा. ऐरोलीत राहून मी वर्षानुवर्षं कोकणात गट घेऊन जाते, आणि माझा अनुभव असा की समुद्रावर माणसं दमून अडचणीत येतात त्यापेक्षा घाईने जास्त येतात. आज संध्याकाळी अमुक गावात पोहोचायचंच, उद्या रात्रीची गाडी पकडायचीच, असं डोक्यात असलं की जिथे थांबायला हवं तिथे गट पुढे निघतो.

आता १८ किलोमीटरचा हिशोब बघू. समुद्रमार्गे देवगड ते मालवण साधारण ४० किलोमीटर आणि मालवण ते वेंगुर्ला तीसेक. म्हणजे पत्रकातला आकडा बरोबर आहे. सामान भरलेली कयाक नवखी माणसं शांत पाण्यात तासाला पाच किलोमीटर नेतात. १८ किलोमीटरला साडेतीन तास नुसतं वल्हवणं झालं. त्यात दर तासाला पाणी पिणं, मागे राहिलेल्यांसाठी थांबणं, कोणाचा पाय आखडला म्हणून किनाऱ्याला लागणं, हे धरलं की पाच तास होतात. जानेवारीत सिंधुदुर्गात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तंबू आवरून, सामान भरून सात वाजता पाण्यात उतरलात तरी बारा वाजतात, आणि त्या किनाऱ्यावर बारा म्हणजे उशीर झाला.

हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. दहाच्या सुमारास ते पडतात, थोडा वेळ पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत होतं, आणि मग वायव्येकडून खारे वारे सुरू होतात. दुपारी दोन-तीनपर्यंत ते इतके वाढतात की समुद्रभर पांढरी फेसाळ टोकं दिसू लागतात. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफोर्ट मोजपट्टीवर ही टोकं तिसऱ्या पायरीला, म्हणजे ताशी ७ ते १० सागरी मैलांच्या वाऱ्याला तुरळक दिसतात आणि चौथ्या पायरीला सगळीकडे पसरतात. नवख्या गटाला मी टोकं तुरळक असतानाच किनाऱ्याला लावते. म्हणून रोजचं अंतर १२ ते १४ किलोमीटर असावं आणि साडेदहा-अकराला वाळूवर पाय टेकलेले असावेत. पाच दिवसांत हेच गणित सुटतं. एखादा दिवस वाऱ्याने बसवून ठेवला तर राहिलेलं अंतर उरलेल्या दिवसांवर वाटता येतं, नाहीतर शेवटचा टप्पा टेम्पोने करायचा. त्यात काहीही कमीपणा नाही.

पत्रकात एक गोष्ट चांगली आहे: मार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे आहे. त्यामुळे वायव्येचा वारा तोंडावर न येता उजव्या खांद्यामागून येतो. पण मागून येणारी लाट कयाकचं शेपूट उचलते आणि नाक भलतीकडे वळवते. म्हणून कयाकला सुकाणू किंवा खालून सोडता येणारी पात आहे का, हे विचारा. मतलई वाऱ्याबद्दलही सावध राहायला हवं. तो किनाऱ्यापासून दूर ढकलतो, आणि डोंगराच्या आडोशामुळे जवळ जाणवत नाही. पाणी शांत दिसतं म्हणून माणसं आत आत जातात आणि परत फिरताना लक्षात येतं की वारा समोर आहे. फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर, पण किनाऱ्यापासून दोन-तीनशे मीटरच्या आत राहायचं.

मार्गातल्या तीन जागा मार्गदर्शकाशी आधीच बोलून घ्या. पहिली आचऱ्याच्या खाडीचं मुख आणि तशीच दुसरी देवबागचा संगम, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध साठलेला असतो. ओहोटीचं पाणी बाहेर येत असताना समुद्रावरची लाट त्याच्यावर चढली की ती उभी राहून फुटते. हीच जागा भरतीच्या शेवटी किंवा पाणी थबकलेलं असताना पोरंसुद्धा पार करतील अशी असते. तेव्हा मार्गदर्शकाला विचारा, 'कर्लीच्या मुखाशी आपण किती वाजता असू आणि तेव्हा पाणी कुठल्या बाजूला वाहत असेल?' हे त्याला सांगता आलं पाहिजे. तिसरी जागा भोगवे ते निवतीचा कडा. तिथे खडकावर आपटून परतलेली लाट आणि समोरून येणारी लाट एकमेकींत मिसळतात, पाणी जागच्या जागी उसळत राहतं आणि उतरायला वाळू नसते. तिथे कड्याला चिकटून न जाता थोडं बाहेरून जायचं असतं.

पत्रकावर निवती रॉक्सच्या दीपगृहाचा फोटो असेल तर ते कार्यक्रमात आहे का, हेही विचारा. ही बेटं किनाऱ्यापासून बरीच आत, उघड्या समुद्रात आहेत. तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्यांची घरटी आहेत, जागा अप्रतिम आहे, पण नवख्यांनी कयाकने तिकडे जाऊ नये. मालवण ते तारकर्ली हा पट्टा अवघड नाही, पण गजबजलेला आहे: सिंधुदुर्ग किल्ल्याच्या फेऱ्या मारणाऱ्या होड्या, स्कूबाच्या बोटी, जेटस्की. कयाक पाण्याला इतकी टेकलेली असते की वेगात येणाऱ्या बोटीला ती दिसत नाही. तो टप्पा शनिवार-रविवारी येणार नाही अशा तारखा घ्या आणि अंगावर भडक रंग ठेवा.

मार्गदर्शकाबद्दलच्या तुमच्या प्रश्नाकडे येते. कागदपत्रं बघायचीच. महाराष्ट्र शासनाच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, ती पाहा. जीवरक्षणाचं प्रशिक्षण, उदाहरणार्थ गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचं, असेल तर चांगलंच. पण कागद बघून झाल्यावर फोनवर त्याला हे विचारा: शेवटचा गट तुम्ही कधी थांबवला आणि कशासाठी? ज्याने खरंच समुद्रावर काम केलंय त्याच्याकडे याचं उत्तर तयार असतं. 'सकाळी मतलई पडलाच नाही, उत्तरेचा वारा धरून राहिला, दोन दिवस बसून काढले', असं काहीतरी तो सांगेल. 'आमची ट्रिप कधीच रद्द होत नाही' असं अभिमानाने सांगणाऱ्याबरोबर जाऊ नका.

दुसरा प्रश्न: पहिल्या दिवशी आम्हाला पाण्यात पाडून परत बसवणार का? बंद कॉकपिटच्या, म्हणजे बसायला फक्त एक भोक असलेल्या, लांब सागरी कयाकमध्ये तुम्ही कंबरेभोवती स्प्रे स्कर्ट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारं झाकण, लावून बसता. उलटल्यावर पुढे वाकायचं, स्कर्टची दोरी ओढायची आणि मांडीवरून पँट सरकवावी तशी कयाक ढकलून बाहेर यायचं. सगळं काही सेकंदांत होतं, पण आधी करून पाहिलेलं नसेल तर पाण्याखाली दोरी सापडत नाही. मग मार्गदर्शक तुमच्या कयाकचं नाक स्वतःच्या कयाकवर ओढून पाणी काढतो, ती सुलटी करतो, घट्ट धरून ठेवतो आणि तुम्ही मागच्या बाजूने पोटावर चढून आत सरकता. याला टी-रेस्क्यू म्हणतात. गटातल्या प्रत्येकाने हे कंबरभर पाण्यात आणि मग खोल पाण्यात केल्याशिवाय पुढे निघायचं नाही. 'आमच्या कयाक उलटतच नाहीत' हे उत्तर आलं तर फोन ठेवून द्या.

काही आयोजक वर उघडं बसायच्या रुंद प्लॅस्टिकच्या कयाक देतात. खाडीत फिरायला त्या उत्तम, पडलात तरी सहज चढता येतं. पण चार-पाच दिवसांच्या सामानासह, वाऱ्यात, त्या जड पडतात. सागरी कयाक पाच मीटरच्या आसपास लांब आणि दोन फुटांहून अरुंद असते. तिच्या पोटात आडव्या भिंतींनी केलेले बंद कप्पे असतात. त्यांत सामान राहतं, आणि कॉकपिट पाण्याने भरलं तरी याच कप्प्यांमुळे ती तरंगते. कप्प्यांची झाकणं निघण्यापूर्वी स्वतः दाबून बघा. सोबत किती मार्गदर्शक आहेत, हेही विचारा. उघड्या किनाऱ्यावर नवख्या चार माणसांमागे एक आणि गट लहान असला तरी किमान दोन, हा माझा नियम आहे. एक जण कोणाला तरी पाण्यातून काढत असताना बाकीच्यांना सांभाळायला दुसरा हवाच.

संपर्काची व्यवस्था काय, हे स्पष्ट विचारा. गावांसमोर मोबाईल चालतो, कड्यांच्या आड जातो. परदेशी व्हिडिओ बघून कोणी उपग्रहावर चालणारा फोन किंवा संदेशयंत्र आणू म्हणत असेल तर आणू देऊ नका. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती बाळगणं बेकायदा आहे आणि त्यावरून पर्यटकांना अटकही झालेली आहे. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३, हे दोन्ही गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत. निघण्यापूर्वी सागरी पोलिसांना नावं, कयाकचे रंग आणि मुक्कामाची गावं कळवलेली असावीत. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर कोकणातली गावं किनाऱ्यावर उतरणाऱ्या अनोळखी माणसांकडे बारकाईने बघतात, सागर रक्षक दलाची, म्हणजे पोलिसांना मदत करणाऱ्या गावकऱ्यांच्या दलाची, मंडळी लगेच चौकशीला येतात, आणि ते योग्यच आहे. आधी कळवलेलं असलं की तीच माणसं तुमची वाट बघतात. पाच वाजले तरी कयाक आल्या नाहीत, हे सर्वांत आधी त्यांनाच समजतं.

तयारी. दंड फुगवण्याची गरज नाही. कयाक दंडांनी वल्हवत नाहीत, कमरेपासून धड फिरवून वल्हवतात. हात जवळजवळ सरळ राहतो, पाठ आणि पोट काम करतं. ट्रेकर मंडळींचे पाय तयार असतात, पण पाय पसरून ताठ बसायची सवय नसते. दुसऱ्या तासाला मांडीमागच्या शिरा आणि कंबर बोलू लागते. आजपासून रोज संध्याकाळी भिंतीचा टेकू न घेता पाय लांब करून वीस मिनिटं जमिनीवर बसा, बातम्या बघत बसलात तरी चालेल. महिन्याभरात फरक पडतो. तरणतलावात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लाईफ जॅकेट घालून पोहून बघा. जॅकेटमध्ये पोहणं वेगळं असतं, पाठीवर सोपं जातं. अर्धा तास पोहता हे छान, पण इथे कसब आहे ते लाट तोंडावर आली तरी श्वास शांत ठेवण्याचं.

ठाण्याच्या खाडीत सराव करावा का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण घराजवळ पाणी दिसतं म्हणून मोह होईल. करू नका. ओहोटीला मैलोन् मैल चिखल उघडा पडतो आणि त्यात माणूस गुडघ्यावर रुततो. पाण्याची प्रतही तोंडात जावं अशी नाही. शिवाय खाडीचा मोठा भाग २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथे कयाक घालू नये आणि पक्ष्यांना उठवू तर मुळीच नये. त्यापेक्षा कोलाडला किंवा परवानगी असलेल्या एखाद्या तलावावर दोन शनिवार-रविवार द्या. सरळ नेणं, वळवणं, थांबवणं आणि पडून परत चढणं, एवढं जमलं की पुष्कळ.

खाडीकडून एक मात्र शिकता येईल, तेही काठावर उभं राहून. चेंदणी कोळीवाड्यातली जुनी माणसं असोत की मालवणचे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, भरतीचा हिशोब तिथीवर करतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ठाण्यापर्यंत पाणी चढायला वेळ लागतो, दक्षिण कोकणात ते मुंबईच्याही आधी येतं, त्यामुळे छापील तक्ता बघायचाच, पण हा हिशोब डोक्यात असला की समुद्र काय करतोय याचं भान राहतं. तुमच्या तारखा मी अष्टमीच्या आसपासच्या सुचवेन. तेव्हा भांगाची भरती असते, पाण्याची चढउतार कमी, खाड्यांच्या तोंडाशी ओढ कमी. पहाटे पाणी वर असल्याने भरलेली कयाक फार लांब उचलून न्यावी लागत नाही. आणि संध्याकाळची भरती सहा-सातच्या सुमारास, म्हणजे झोपायच्या आधी पाणी कुठवर येतं ते डोळ्यांनी दिसतं. पहाटेची भरती थोडी जास्त चढू शकते, म्हणून त्या रेषेच्या वर निदान दहा पावलं तंबू ठोका. दुपारी उतरताना मात्र ओहोटी असेल आणि कयाक लांब ओढाव्या लागतील. त्या वेळी गटातल्या सगळ्यांनी हात लावायचा.

मुक्कामाची जागा किनाऱ्यावरच्या वाडीवाल्याला विचारून, सुरूच्या बनात किंवा माडांखाली घ्यावी. उघड्या वाळूत नको. हिवाळा हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ असतो आणि तांबळडेग, वायंगणी हे तुमच्याच मार्गावरचे किनारे आहेत. रात्री वाळूवर पांढरा उजेड, शेकोटी, गाणी नकोत. मादी उजेड पाहून अंडी न घालताच परत फिरते. लाल उजेडाची बॅटरी ठेवा. सकाळी एखाद्या किनाऱ्यावर रापण ओढणं चालू असेल तर जाळ्याच्या वेढ्याबाहेरून जा आणि त्यांचं होईपर्यंत दुसरीकडे उतरा. त्या जाळ्यावर अनेक घरांची त्या दिवसाची कमाई असते. उतरताना पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत चला, म्हणजे वाळूत लपलेलं पाकट, शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, बाजूला होतं. काटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि दवाखाना गाठायचा.

आपल्याकडे पाणी कोमट असतं, थंडीने गारठायचा धोका फार नाही. धोका उन्हाचा आहे. माणशी दिवसाला चार लिटर पिण्याचं पाणी, मीठ-साखरेची पुडी, पूर्ण बाह्या, मानेवर कापड. वल्हं घट्ट धरू नका, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात फोड येतो आणि खाऱ्या पाण्याने तो चिघळतो.

डिसेंबर ते फेब्रुवारीच्या बाहेर नवख्यांनी हा मार्ग धरू नये. मार्चनंतर दुपारचा वारा लवकर आणि जोरात येतो, मेमध्ये वादळं असतात. मे २०२१मधलं तौक्ते याच किनाऱ्याला घासून गेलं. हिवाळ्यातही फारसच्या आखाताकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा इथे स्वच्छ आकाशाखाली येऊन पोहोचतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचा अंदाज रोज प्रसिद्ध करते. मार्गदर्शक तो बघतोच, तुम्हीही आठवडाभर आधीपासून बघत जा, म्हणजे त्याने 'आज नाही' म्हटलं तर का म्हटलं ते कळेल.

आता मुलीबद्दल. सोळाव्या वर्षी हे अगदी जमतं. पण तिला तुमच्याबरोबर दोघांच्या कयाकमध्ये बसवू नका, कारण तुम्ही दोघंही नवखे आहात. तिला मार्गदर्शकाबरोबर दुहेरीत बसवा किंवा सरावात चांगली जमली तर एकटीला लहान मापाची कयाक द्या. लाईफ जॅकेट तिच्या मापाचं हवं. खांद्याला धरून वर ओढलं तर कानापर्यंत सरकायला नको, आणि शिट्टी तिला तोंडाने पकडता येईल अशी बांधलेली हवी. पाळी त्या दिवसांत येणार असेल तर तयारी आणि मुक्कामावर स्वच्छतागृहाची सोय कुठे, हे तिच्या आईने किंवा तिने स्वतः आयोजकाशी आधीच मोकळेपणी बोलून घ्यावं. स्त्री मार्गदर्शक मिळत असेल तर मागून घ्या. आणि कोलाडच्या सरावानंतर तिला एकटीला विचारा, यायचंय का. नाही म्हणाली तर तेवढ्यावरच थांबा.

कोकणकन्येला ठाण्याहून रात्री बसलात की सकाळी कणकवलीला उतरून देवगड गाठता येतं, परतताना कुडाळहून. तिकिटं साठ दिवस आधी खुली होतात आणि लगेच संपतात. त्यामुळे आयोजकाला पाचव्या दिवसाबद्दलचा फोन त्याआधी करा.